फूटपट्टी कुणाला लावायची?

संख्याशास्त्राच्या वर्गात एक उदाहरण वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. एखाद्या शाळेतल्या पहिली ते दहावीच्या सगळ्या मुलांची उंची मोजा. मग सगळ्यांना गणिताची एकच प्रश्नपत्रिका द्या. उंची आणि गुण शेजारीशेजारी मांडले की दिसतं, मूल जितकं उंच तितके त्याचे गुण जास्त. म्हणजे गणित सुधारण्यासाठी मुलांना झाडाला लोंबकळायला लावायचं का? वर्ग हसतो. मग उत्तर येतं: दहावीतला मुलगा पहिलीतल्या मुलापेक्षा उंच असतो आणि त्याला गणितही जास्त येतं, कारण तो नऊ वर्षांनी मोठा आहे. उंची आणि गणित एकमेकांचे कुणी लागत नाहीत, दोघांच्या मागे वय उभं आहे. फळ्यावर लिहायचं, 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे', आणि पुढच्या धड्याकडे वळायचं.

मी भिवंडीत अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला गणित आणि संख्याशास्त्र शिकवते आणि हे उदाहरण मीही वापरते. उदाहरण चांगलं आहे. फक्त ते जिथे थांबवलं जातं तिथे संपत नाही. समजा, वयाची भानगडच काढून टाकली. फक्त नऊ वर्षांची मुलं घेतली. आता उंचीचा आणि गणिताचा काही संबंध उरतो का?

उरतो. बराच कमी होतो, पण उरतो. आणि आपल्या देशात तो श्रीमंत देशांपेक्षा जास्त उरतो. या उरलेल्या संबंधाचं काय करायचं, हा प्रश्न मला संख्याशास्त्रापेक्षा नीतीचा वाटतो.

आधी वयाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे वय बाजूला काढणं हेच सोपं नाही. महाराष्ट्रात कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो. जन्मतारखेचा कागद नव्हता, शाळेत घालायच्या वेळी गुरुजींनी तारीख टाकली आणि ती जन्माची चिकटली. ज्यांच्याकडे खरी तारीख आहे त्यांच्यातही, एकाच वर्गातल्या दोन मुलांमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. प्राथमिक शाळेच्या वयात मूल वर्षाला पाचसहा सेंटीमीटर वाढतं. म्हणजे दुसरीच्या वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर बसलेलं मूल 'कच्चं' नसून नुसतं अकरा महिन्यांनी लहान असू शकतं. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ डूई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अनेक देशांतल्या गणित-विज्ञानाच्या चाचण्या तपासून दाखवलं, की वर्गातल्या वयाने मोठ्या मुलांना मिळणारा फायदा चौथीत तर दिसतोच, आठवीतही पुरता जात नाही. पहिल्या वर्षी कुणाला हुशार म्हटलं गेलं, कुणाला पुढे बोलावलं गेलं, त्याचं व्याज पुढे मिळत राहतं.

वयाऐवजी उंची बघायची सवय आपल्यात खोल आहे. एसटीत अर्ध्या तिकिटाचा नियम वयाचा, पाच ते बारा वर्षांचा. पण वाहक मुलाकडे बघतो ते खालपासून वरपर्यंत. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने लहान मुलांच्या कामावर बंधनं आली, तेव्हा जन्माचे दाखले नसल्यामुळे कापडगिरण्यांतल्या पोरांचं वय उंचीवरून ठरवण्याचे प्रयत्न झाले. त्याच सुमाराला गिरण्यांतल्या मुलांची मोजमापं घेतली गेली आणि ती मुलं आपल्या वयाच्या मानाने किती लहानखुरी आहेत हे कागदावर आलं. त्याआधी १८२९ मध्ये फ्रान्समध्ये व्हिलेर्मे या डॉक्टरने दाखवून दिलं होतं, की माणसांची उंची वस्तीच्या सुबत्तेप्रमाणे बदलते. कापडाच्या शहरात राहून हे वाचताना वेगळं वाटतं. उंची हा पहिल्यापासून गरिबीचा दाखला आहे.

आता एकाच वयाची मुलं. २००४-०५ मध्ये 'इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे'ने देशभरातल्या ४१ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. त्यात ८ ते ११ वर्षांच्या मुलांना वाचन, लेखन आणि साध्या अंकगणिताच्या छोट्या चाचण्या दिल्या आणि त्यांची उंचीही मोजली. डीन स्पिअर्स या अर्थशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये ही माहिती तपासली. वयाच्या मानाने उंच असलेली मुलं चाचण्यांमध्ये सरस होती. घरची ऐपत वगैरे हिशेबात घेतल्यावर फरक कमी झाला, पण गेला नाही. अमेरिकेतल्या मुलांमध्येही असा संबंध आहे. अ‍ॅन केस आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की तिथे आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या वर्षीच, म्हणजे शाळेने काही शिकवण्याआधीच, उंच मुलं चाचण्यांत थोडी पुढे असतात. पण भारतातली चढण अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी तीव्र निघाली.

असं का व्हावं? लांब हाडांनी बेरीज होत नाही. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात यासाठी नेमकं उदाहरण आहे: कुंभाराचं गाढव. मडकं घडलं तेव्हा गाढव अंगणात होतं, मातीही त्यानेच आणली. तरी गाढव मडक्याचं कारण नव्हे. ते 'अन्यथासिद्ध', म्हणजे नसतं तरी चाललं असतं. उंची हे आपलं गाढव. पण इथे थांबून 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' असं म्हणून हात झटकले तर चूक होईल. कावळा आणि फांदी एकदाच जुळतात. हजारो कावळे आणि हजारो फांद्या, देशामागून देशात, पुन्हा पुन्हा जुळायला लागल्या तर झाड कुणी पोखरलंय ते बघायला हवं. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने हे सूत्र मांडलं: दोन गोष्टी सतत जोडीने येत असतील आणि त्यातली एकही दुसरीचं कारण नसेल, तर दोघींमागचं सामाईक कारण शोधा. पहिली ते दहावीच्या उदाहरणात ते कारण वय होतं. नऊ वर्षांच्या मुलांमध्ये ते मुलाच्या आयुष्याची पहिली दोनतीन वर्षं, आणि त्याआधीचे आईच्या पोटातले महिने आहेत.

त्या काळात शरीर आणि मेंदू एकाच कोठारातून खातात. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढ मेंदूच्या जवळजवळ ८० टक्के झालेला असतो. याच दिवसांत वारंवार जुलाब झाले, ताप आले, वरचं अन्न उशिरा किंवा पाणीदार मिळालं, तर हाडांची वाढ मागे पडते आणि मेंदूचीही. सुखवस्तू समाजात दोन मुलांच्या उंचीतला फरक मुख्यतः आईबापांकडून आलेला असतो, म्हणून तिथे उंची फारसं काही सांगत नाही. जिथे मुलांच्या उंचीतला मोठा हिस्सा उपासमारीने आणि आजारपणाने ठरतो, तिथे उंची बरंच सांगून जाते.

'आपली जातच बुटकी' हे उत्तर इथे लगेच पुढे येतं. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या नीट खाऊनपिऊन वाढलेल्या, स्तनपान मिळालेल्या मुलांची मोजमापं घेतली आणि २००६ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. सहाही ठिकाणची मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखीच वाढली. या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांच्या मुलीची मधली उंची सुमारे १०९ सेंटीमीटर आहे. सुमारे १०० च्या खाली असेल तर तिची वाढ खुंटली आहे असं धरतात. तक्ता आपल्याला जसाच्या तसा लावावा का यावर वाद आहेत; अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये त्यावर जोरदार आक्षेप घेतले होते. पण तक्ता थोडा सरकवला तरी चित्र पालटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी देशात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. महाराष्ट्र देशाच्या सरासरीला चिकटून आहे. त्याआधीच्या पाहणीत राज्याचा आकडा ३४.४ होता. चार-पाच वर्षांत आपण जागच्या जागी आहोत.

माझ्या शहरात हे सामाईक कारण चालताबोलता दिसतं. भिवंडी यंत्रमागांचं शहर आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती होती. मागावर बारा तासांची पाळी असते आणि मजुरी मीटरवर मिळते, म्हणजे माग थांबला की पोट थांबतं. पद्मानगरातलं तेलुगू बोलणारं घर, शांतीनगरातलं उत्तर प्रदेशातून आलेलं घर, तालुक्यातल्या वीटभट्टीवर दिवाळीनंतर उतरलेलं कातकरी कुटुंब: यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे. पण रांगायला लागलेलं मूल ज्या जमिनीवर रांगतं तिच्यापासून गटार किती हातांवर आहे, हा प्रश्न तिन्ही घरांना सारखाच लागू आहे. आईला बाळाला भरवायला किती वेळ मिळतो, हाही. कातकरी मुलाचं वर्ष तर भट्टी आणि पाडा यांत फाटलेलं असतं, त्यामुळे एका ठिकाणच्या अंगणवाडीच्या वहीत त्याचा आलेख पुरा होणं कठीण.

कारण घराबाहेर आहे तसं घरातही आहे. डायन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी ग्रामीण एकत्र कुटुंबांतल्या चुलत भावंडांची उंची ताडून पाहिली. एकच घर, एकच विहीर, एकच चूल. तरी धाकट्या सुनेची मुलं थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा बुटकी निघाली. धाकटी सून घरात सगळ्यात शेवटी जेवते हे सांगायला आपल्याला संशोधक लागत नाहीत. पण तिच्या ताटात काय उरलं याची नोंद तिच्या मुलाच्या हाडांत होते, हे मात्र त्यांनी मोजून दाखवलं. त्या मुलाला पुढे चौथीत भागाकार जमला नाही, तर आपण म्हणणार, 'याचं गणिताचं डोकं नाही.'

इथे पुण्यात घडलेला एक वाद आठवतो. पां. वा. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातले जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. शरीर कमीजास्त आहाराशी जुळवून घेतं, म्हणून ठरावीक उष्मांकांच्या खालचा प्रत्येक जण कुपोषित धरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी त्यांच्याशी खुला वाद घातला. सुखात्मे यांनीच संपादित केलेल्या, १९८२ मध्ये पुण्यातून निघालेल्या एका ग्रंथात डेव्हिड सेकलर या अर्थशास्त्रज्ञाचा निबंध आला. त्याचा मुद्दा, की अशी अनेक माणसं लहान आहेत पण निरोगी आहेत. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी त्याला कडाडून विरोध केला: अशाने गरिबांच्या मुलांसाठी वेगळी, आखूड पट्टी तयार होते. सुखात्म्यांना न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं, की नुसते उष्मांक मोजून भागणार नाही, पाणी आणि स्वच्छताही बघा, हा त्यांचा आग्रह होता. पण 'जुळवून घेतलं' या शब्दाला एक किंमत चिकटलेली असते आणि ती किंमत मोजणारा त्या वादात बोलायला नव्हता. शरीर जुळवून घेतं ते काहीतरी सोडून देऊन. काय सोडलं ते कधी उंचीत दिसतं, कधी पाढ्यांत.

मग कारण बदललं तर परिणाम बदलतो का? ग्वाटेमालातल्या चार गावांत १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांना प्रथिनयुक्त पेज आणि दोन गावांना प्रथिनं नसलेलं गोड पेय मोफत दिलं गेलं. लहानपणी पेज मिळालेली मुलं पुढे मोठी झाल्यावर वाचनात आणि बुद्धीच्या चाचण्यांत पुढे होती आणि पुरुषांची कमाईही जास्त होती. आपल्याकडे स्नेहा लांबा आणि स्पिअर्स यांना आढळलं, की ज्यांच्या जन्माच्या पहिल्या वर्षी जिल्ह्यात संपूर्ण स्वच्छता अभियान जोरात होतं, ती मुलं सहाव्या वर्षी अक्षरं आणि साधे अंक ओळखण्यात पुढे होती. संडास आणि अंकओळख! अहमदनगर जिल्ह्यातल्या एका प्रयोगातही स्वच्छतेच्या मोहिमेनंतर मुलांची उंची वाढलेली दिसली. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांत मात्र नुसते संडास आणि हात धुण्याची सोय देऊन उंची वाढली नाही. म्हणजे एक कळ दाबली की मूल वाढेल असं हे यंत्र नाही. जमीन, पाणी, अन्न, आईची विश्रांती हे सगळं एकत्र गुंफलेलं आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जमैकातला प्रयोग. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली वाढ खुंटलेली १२९ मुलं, वय ९ ते २४ महिने. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका तासभर यायची आणि घरगुती खेळणी घेऊन मुलाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे आईला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्याशी खेळलं गेलं त्यांची कमाई, न खेळलेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसती भुकटी मिळालेल्यांत असा फरक टिकला नाही. आणि खेळाने कुणाची उंची वाढली नव्हती. मुलं बुटकीच राहिली, पण पुढे गेली. गाढव तिथेच उभं आणि मडकं मात्र नीट घडलं.

या प्रयोगामुळे उरलेल्या संबंधाकडे बघायच्या दोन सोयीच्या रीती बाद होतात. पहिली रीत शिकल्यासवरल्यांची: 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' म्हणायचं आणि वही मिटायची. वाक्य खरं आहे, पण त्याचा उपयोग चौकशी सुरू करण्यासाठी आहे, बंद करण्यासाठी नाही. दुसरी रीत हळहळणाऱ्यांची: पहिले हजार दिवस गेले, आता काय उपयोग, या मुलाचं डोकं तेवढंच. ही रीत जास्त घातक, कारण ती दयेच्या सुरात बोलते. दोन्ही रीतींनी मोठी माणसं सुटतात. पहिलीत कुणीच जबाबदार नसतं आणि दुसरीत जबाबदार असलेले फार मागे राहून गेलेले असतात.

म्हणून प्रश्न पट्टी कुणाला लावायची हा आहे. उंचीचा आकडा समूहाचा आहे आणि त्याचं उत्तरही समूहानेच द्यायचं आहे: नगरपालिकेने, मालकाने, घरातल्या कर्त्यांनी, तुम्ही-आम्ही मतदारांनी. त्या दिशेने धरली तर फूटपट्टी पुरावा आहे. तीच उलटी फिरवून पुढच्या बाकावरच्या एका मुलाला लावली, तर अन्याय. तर्काने बघितलं तरी ते चूकच आहे: हजार मुलांच्या सरासरीत दिसणारा फरक एका वर्गातल्या दोन मुलांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, ठेंगण्या मुलांत पहिले येणारे भरपूर असतात आणि उंचांत नापास होणारेही. आपली म्हणसुद्धा सांगते, मूर्ती लहान पण कीर्ती महान. मात्र ही म्हणही मला थोडी जपून वापरावीशी वाटते. एखाद्या मुलीचं कौतुक करायला ती छान आहे. ३५ टक्क्यांचा आकडा गिळायला नाही.

कुणी विचारेल, एवढ्या चर्चेने त्या मुलांवरच शिक्का बसत नाही का? धोका आहे. तो शब्दांपासून सुरू होतो. आपण म्हणतो, 'मुलाची वाढ खुंटली.' मराठीत या क्रियापदाला कर्ता लागत नाही. पाऊस पडला तशी वाढ खुंटली. 'खुंटवली' म्हटलं की लगेच प्रश्न येतो: कुणी? मोजायचं असेल तर या दुसऱ्या क्रियापदाने मोजावं. मग मूल आरोपी राहत नाही, फिर्यादी होतं.

व्यवहारात याचा अर्थ काय, तर अंगणवाडीत मुलाची उंची महिला व बालविकास विभागाच्या नोंदीत जाते आणि गणिताचे गुण शालेय शिक्षण विभागाच्या. दोन रकाने कधी एका कागदावर भेटत नाहीत. ते वस्तीनिहाय भेटावेत, मुलांची नावं काढून: कोणत्या वॉर्डात दोन्ही रकाने एकदम खाली जातात ते बघावं आणि तिथली नळजोडणी, गटार, पाळणाघर आधी हाती घ्यावं. मुलाच्या नावासकट मात्र ते शिक्षकाच्या हातात पडू नयेत. शिक्षकाला एवढंच माहीत असलेलं बरं, की समोरचं मूल भागाकारात अडकलं आहे आणि त्याला अजून एकदा, वेगळ्या तऱ्हेने, काड्या किंवा चिंचोके मांडून तो दाखवायला हवा.